पावती हमालीची, पाठिंबा कुणाचा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी जोडून गावी गेलो होतो. गाव म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. (२०२३ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं, तरी माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं. सवय!) नगरपरिषदांच्या निवडणुका लागलेल्या. आधीच्या २०१६ मधल्या, त्यानंतर थेट आत्ता. मधली काही वर्षं प्रशासकाच्या राज्यात गेली. त्यामुळे नऊ वर्षांची हौस एकदम फिटत होती म्हणा ना. रिक्षांवर भोंगे, चौकाचौकात फ्लेक्स, आणि घरात रोज सकाळी दाराखालून सरकवलेली पाच-सात पत्रकं.

त्यातलंच एक पत्रक घेऊन मामा आला.

मामा मार्केट यार्डात हमाल आहे. तीस वर्षं झाली पोती उचलतोय. सोयाबीन, तूर, हरभरा, जे येईल ते. पत्रकाच्या एका बाजूला उमेदवाराचे हात जोडलेले आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात 'जाहीर पाठिंबा'. खाली संघटनांची यादी. रिक्षावाले, बांधकामवाले, हातगाडीवाले, आणि हमाल-मापाडी. हमालांच्या खाली आठ नावं छापलेली. पाचवं नाव मामाचं.

"मला इचारलं का कुणी?" मामा म्हणाला. चिडला नव्हता, पण चहाही घेत नव्हता. "आरं, म्या पावती फाडतो ती हमालीसाठी. दर वाढवून मागायला, कुणी पडलं-झडलं तर दवाखान्याला. मतासाठी फाडली का कधी? ह्याला कायदा-बियदा काय हाय का नाय?"

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माझ्या लॅपटॉपात असतंच अशी घरच्यांची ठाम समजूत आहे. बघतो म्हणालो. त्या रात्री कायदा वाचायला घेतला आणि मग कायद्यामागचा इतिहास वाचण्यात पुढचे चार शनिवार-रविवार गेले. ते सगळं इथे मांडतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

*

आधी कायदा. भारतातला कामगार संघटनांचा मूळ कायदा १९२६ चा. लागू झाला १ जून १९२७ ला. कोड वाचायची सवय असली की कायदा वाचायला फारसं जड जात नाही. अट, अपवाद, अपवादाचा अपवाद, सगळं ओळखीचंच.

कलम १५ मध्ये युनियनच्या सर्वसाधारण निधीतून कशाकशावर खर्च करता येईल त्याची यादी आहे. पदाधिकाऱ्यांचे पगार, कोर्टकचेरी, मालकाशी झालेला तंटा, सभासदांचं आजारपण, म्हातारपण, मृत्यू, मुलांचं शिक्षण वगैरे. निवडणूक त्या यादीत नाही.

निवडणूक येते कलम १६ मध्ये. युनियनला राजकारणात पैसा घालायचा असेल तर त्यासाठी वेगळा निधी काढायचा, आणि त्याची वर्गणीही वेगळी घ्यायची. या निधीतून काय करता येईल? उमेदवाराचा निवडणूक खर्च. उमेदवाराच्या बाजूने सभा आणि पत्रकं. मतदार नोंदणी. उमेदवाराची निवड. आणि निवडून आलेल्या माणसाचा चरितार्थसुद्धा! आणि यात फक्त विधिमंडळ नाही बरं का. 'स्थानिक प्राधिकरण' हे शब्द १९२६ पासून तिथे आहेत. म्हणजे नगरपालिका आली, लोकल बोर्ड आलं.

पुढचं वाक्य मामासाठीच लिहिल्यासारखं आहे. या निधीला वर्गणी द्यायची सक्ती कुठल्याही सभासदावर करता येणार नाही. वर्गणी दिली नाही म्हणून त्याला युनियनच्या कुठल्याही फायद्यातून वगळता येणार नाही (त्या निधीच्या कारभारात मात्र त्याला बोलता येणार नाही, ते रास्तच आहे). आणि युनियनमध्ये घेताना 'आधी राजकीय वर्गणी दे' अशी अट घालता येणार नाही.

म्हणजे हमालीच्या पावतीच्या पैशांतून ते पत्रक छापलं असेल, आणि युनियन नोंदणीकृत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. नोंदणीच नसेल तर प्रश्नच मिटला. ती नुसती लेटरहेडवरची संघटना!

गंमत म्हणजे मामाकडे पत्रक आलं त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात विरून गेला. वेगळ्या निधीची तरतूद मात्र नव्या संहितेतही आहे. शंभर वर्षं टिकलेली ही कल्पना मुळात आली कुठून?

*

आली एका हमालाकडून. खरंच!

वॉल्टर ऑस्बोर्न नावाचा माणूस लंडनच्या क्लॅप्टन स्टेशनवर काम करायचा. हुद्दा फोरमन पोर्टर, म्हणजे आपल्या भाषेत हमालांचा मुकादम. रेल्वे कामगारांच्या युनियनचा तो नुसता सभासद नव्हता, वॉल्थमस्टो शाखेचा सेक्रेटरी होता. युनियन दर सभासदाकडून ठरावीक रक्कम घेऊन ती मजूर पक्षाकडे द्यायची. ऑस्बोर्न लिबरल पक्षाचा. त्याचं म्हणणं इतकंच, की मी युनियनला पैसे देतो ते रेल्वे कंपनीशी भांडायला, माझ्या पक्षाविरुद्धच्या उमेदवाराला पोसायला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि डिसेंबर १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑस्बोर्नच्या बाजूने निकाल दिला. युनियनला आपला निधी राजकारणावर खर्च करताच येणार नाही!

इथपर्यंत वाचून मला वाटलं, वा! मामाचा विजय. पण पुढे वाचलं आणि जरा थबकलो.

त्या काळी ब्रिटिश खासदारांना पगारच नव्हता. जमीनदाराला, बॅरिस्टरला त्याचं काय? पण खाणीतून किंवा कारखान्यातून निवडून आलेला माणूस लंडनमध्ये खाणार काय? त्याचं घर युनियनच्या पैशांवर चालायचं. ऑस्बोर्नच्या एका निकालाने या लोकांच्या चुलीवर पाणी पडलं. एका गरिबाच्या मनाचं स्वातंत्र्य राखायला गेलं आणि दुसऱ्या गरिबाचा सभागृहातला रस्ता बंद झाला. ऑस्बोर्नच्या खटल्याला युनियनविरोधी मंडळींनी पैसा पुरवला, तो का, हे मग वेगळं सांगायला नको.

यावर तोडगा निघाला दोन टप्प्यांत. १९११ पासून खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले. आणि १९१३ च्या कायद्याने युनियनला राजकीय निधी उभारता येऊ लागला, पण त्याआधी सभासदांचं मतदान घ्यायचं आणि ज्याला द्यायचं नाही त्याला बाहेर राहायची मुभा द्यायची. आपल्या कलम १६ मधली 'चरितार्थ' ही विचित्र वाटणारी तरतूद इथली आहे. रोजंदारीवरचा माणूस नगरसेवक झाला तर बैठकीच्या दिवशी त्याची रोजी बुडते. ती कुणीतरी भरून द्यायला हवी ना?

*

आपल्याकडे हा कायदा यायला निमित्त झालं मद्रासचं. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटक मिलच्या कामगारांनी १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन काढली होती. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. १९२० मध्ये मिलच्या मालकांनी हायकोर्टात जाऊन वाडिया आणि इतर नेत्यांवर मनाई हुकूम आणला. आरोप काय, तर कामगारांना करार मोडायला लावलं. शेवटी वाडियांनी युनियनपासून दूर व्हायचं कबूल केलं तेव्हा प्रकरण मिटलं. युनियन चालवणं हाच गुन्हा ठरू शकतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग १९२१ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी कामगार संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करा म्हणून ठराव मांडला. नारायण मल्हार जोशी म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. कायदा व्हायला पुढे पाच वर्षं लागली.

पण एक गोष्ट बघा. जोशी कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते ते सरकारने नेमलेले. कामगारांनी निवडलेले नव्हेत. कारण कामगाराला मतच नव्हतं! मत होतं ते जमीन, कर किंवा घरभाडं यांच्या हिशेबाने. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहणाऱ्याला कोण विचारतो? म्हणजे 'युनियनने स्थानिक निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा द्यावा' अशी सोय १९२६ मध्ये झाली, पण तो पाठिंबा ऐकून मत द्यायला मतदारच नाहीत.

१९३५ च्या कायद्याने थोडी फट उघडली. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ७ जागा कामगारांसाठी ठेवल्या, आणि त्यातल्या काही जागांसाठी नोंदणीकृत युनियनांचे सभासद हेच मतदार. १७५ मध्ये ७, म्हणजे शेकडा ४. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबई महापालिकेत सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते १९४८ च्या निवडणुकीत. आमच्या मराठवाड्यात तर त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत निजामाचंच राज्य होतं. आमच्या लोकांनी प्रौढ मताधिकाराने पहिलं मोठं मतदान केलं १९५२ मध्ये, हैदराबाद राज्याचे नागरिक म्हणून.

*

आता गिरणगाव. मतं आल्यावर युनियनच्या शब्दाला तिथे किती वजन होतं?

सुरुवात १९२८ पासून करावी लागते. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने मुंबईच्या गिरण्यांचा संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. त्या संपातच, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन जन्मली. लाल बावटा तो हाच. तिची ताकद नुसती वरच्या पुढाऱ्यांत नव्हती. प्रत्येक गिरणीत कामगारांची गिरणी समिती होती. खात्यात कुणाला काढलं, कुणाचा दंड कापला, ते समितीपर्यंत पोचायचं. पुढच्याच वर्षी, मार्च १९२९ मध्ये, मीरत कटाच्या खटल्यात पुढारी पकडून नेले. त्यात डांगे होते आणि शां. स. मिरजकरही होते.

आता तीस वर्षं पुढे चला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७ मध्ये समितीने मुंबई महापालिका काँग्रेसकडून घेतली. मो. वा. दोंदे महापौर झाले. आणि पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, महापौर कोण? मीरत कटातले मिरजकर! त्याच सुमारास ते आयटकचे अध्यक्षही होते. ज्याला सरकारने राजद्रोही म्हणून तुरुंगात टाकलं, तो युनियनवाला शहराचा पहिला नागरिक.

हा विजय एकट्या युनियनचा नव्हता हे उघड आहे. भाषेचा प्रश्न होता, चार-पाच पक्ष एकत्र होते. पण चाळीचाळीतून माणसं बाहेर काढण्याची यंत्रणा होती ती याच जुन्या कामगार चळवळीची.

जॉर्ज फर्नांडिसांची गोष्ट आणखी नेमकी आहे. पी. डिमेलोंच्या हाताखाली तयार झालेला हा तरुण गोदीत, हॉटेलांत, टॅक्सीवाल्यांत आणि महापालिकेच्या कामगारांत युनियन बांधत होता. १९६१ मध्ये नगरसेवक झाला, १९६८ पर्यंत राहिला. स्थानिक निवडणुकीची गंमत इथे कळते. गिरणीचा मालक कामगार निवडू शकत नाही. पण पालिकेच्या झाडूवाल्याचा मालक म्हणजे पालिका, आणि पालिकेत कोण बसणार ते झाडूवाल्याच्या मतावरही ठरतं. आपला मालक निवडण्यात आपला वाटा, हे भाग्य दुसऱ्या कुठल्या कामगाराला आहे? १९६७ मध्ये तर जॉर्जनी लोकसभेला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं. पाटील म्हणजे तीनदा महापौर झालेले, केंद्रात रेल्वेमंत्री असलेले, मुंबईचे सम्राट म्हणवले जाणारे.

असं वाटायला लागतं की युनियनने बोट दाखवावं आणि मतं पडावीत. पण नाही.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. अनेक वर्षं नगरसेवक, १९६७ पासून आमदार. रिकाम्या झालेल्या जागेची पोटनिवडणूक ऑक्टोबरात झाली. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. परळ-लालबाग, म्हणजे लाल बावट्याचं घरच. नवऱ्याच्या रक्ताचे डाग वाळले नव्हते. तरी महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले, आणि सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. गिरणीत ज्या झेंड्याखाली उभं राहायचं, त्यालाच घरी येऊन मत द्यायचं, असं काही राहिलं नव्हतं. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडलं की तोच माणूस मराठी होता, कोकणातला किंवा घाटावरचा होता, मंडळाचा कार्यकर्ता होता, बेकार मुलाचा बाप होता.

आणि उलटंही बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. कायद्याने गिरण्यांत मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची ही देणगी. संघ इंटकचा, म्हणजे काँग्रेसच्या घरातला. कागदावर सगळ्या गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार त्यांचा. संप फसला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसला देशभर ४०० हून अधिक जागा मिळत असताना, दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. संप हरलेला माणूस निवडणूक जिंकला! कागदावरचा प्रतिनिधी कोण आणि मनातला कोण, ते मतपेटीने सांगितलं.

पण थांबा, अजून आहे. काही महिन्यांनी, १९८५ मध्ये, महापालिकेची निवडणूक झाली, आणि ती जिंकली शिवसेनेने. छगन भुजबळ महापौर झाले. १९८९ मध्ये सामंत लोकसभेला हरले. कुणाकडून? त्याच वामनराव महाडिकांकडून.

म्हणजे गिरणगावातल्या मतदारांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं उत्तर दिलं. दिल्लीला कोण, नळाच्या पाण्यासाठी कोण, हे ते आपल्या हिशेबाने ठरवत होते. युनियनच्या खिशात मतं आहेत असं ज्यांना वाटलं, त्यांचा अंदाज चुकला.

*

मुंबई लांब राहिली म्हणाल. आमच्याकडून सोलापूर जवळ, तुळजापूरहून पन्नास किलोमीटरच्या आत. आमच्या भागातल्या लोकांना काम हवं तर सोलापूर, दवाखाना हवा तरी सोलापूर.

तिथे विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांत सिटूचं काम करणारे नरसय्या आडम, सगळे त्यांना आडम मास्तर म्हणतात, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. त्यांच्या पुढाकाराने कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये. नंतर तिथेच ३०,००० घरांची रे नगर योजना. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. युनियनने सभासदांसाठी एवढं घरकाम केल्याचं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही.

आणि विधानसभा? २००४ नंतर त्यांना ती पुन्हा मिळाली नाही. २०२४ मध्येही नाही. आणखी एक साधी अडचण मला नकाशा बघताना दिसली. कुंभारी आहे दक्षिण सोलापूर तालुक्यात. मास्तर लढत होते सोलापूर शहर मध्यमधून. ज्यांना घर मिळालं ती माणसं राहायला गेली मतदारसंघाच्या बाहेर! घर देणाऱ्यालाच मत असं काही नसतं, नसायलाही हवं. पण इथे तर द्यायची इच्छा असली तरी द्यायची सोय राहिली नाही.

*

आता आमचा जिल्हा. इथे ना गिरणी, ना गोदी. १९५० च्या दशकात इथून शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील निवडून गेले, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीच्या नेत्यांत त्यांचं नाव होतं. पण पक्षाच्या नावातला 'शेतकरी' इथे भरपूर आणि 'कामगार' शोधावा लागे. आजही आमचा कामगार म्हणजे हमाल, ऊसतोड, गवंड्याच्या हाताखालचा, रिक्षावाला. एका फाटकातून आत जाणारे हजार लोक इथे कुठेच नाहीत. ऊसतोडवाले तर ऐन थंडीत कोयता घेऊन परजिल्ह्यात. निवडणूक त्या दिवसांत लागली तर त्यांचं मत गावात आणि माणूस फडात.

तरी एक ठिकाण आहे जिथे आमच्या कामगाराची स्वतःची जागा असते. बाजार समिती! संचालक अठरा. सोसायट्यांमधून ११, ग्रामपंचायतींमधून ४, व्यापारी-आडत्यांचे २, आणि हमाल-मापाडींचा १. मतदार कोण, तर समितीचे परवानाधारक हमाल आणि मापाडी. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या बऱ्याच समित्यांची निवडणूक झाली तेव्हा मामाने या जागेसाठी मत दिलं होतं. अठरात एक, म्हणजे शेकडा साडेपाच. १९३७ मधले शेकडा ४ आठवतात का? ८६ वर्षांत दीड टक्क्याची प्रगती!

पण मामाला त्या एका जागेचं फार कौतुक आहे, आणि का ते मला आता कळलं. तेव्हा संघटनेने यार्डातल्या लिंबाखाली सगळ्यांना बसवून विचारलं होतं, कुणाला उभं करायचं? दोन नावं आली. हात वर झाले. मामाचा माणूस पडला. तरी मामाने संघटनेच्या माणसाचं काम केलं, घरोघर फिरला. "इचारलं हुतं की," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

नगरपरिषदेच्या वेळी विचारलं नाही. तिथे हमालांची जागा नाही, नुसती मतं आहेत. जागा असते तेव्हा आपल्यातून माणूस द्यावा लागतो, मग विचारावं लागतं. नुसती मतं असतात तेव्हा आठ नावं छापली की काम भागतं.

*

तर मामाच्या प्रश्नाचं उत्तर काय? ते सांगायला डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हा मतदान होऊन गेलं होतं.

मी त्याला ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. लंडनचा हमाल हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, हे ऐकून खूश झाला. मग कलम १६ सांगितलं. वेगळा पैसा, वेगळी वर्गणी, सक्ती नाही. त्याने एकच प्रश्न विचारला. मीसुद्धा तिथेच अडलो होतो.

"म्हंजे पैसा इचारून घ्यायचा. आन् नाव?"

नावाचं त्या कलमात काही नाही. कायद्याने कामगाराचा आणा जपला. त्याचं नाव कुणी कुणाच्या पत्रकावर छापावं, पाठिंबा ठरवताना सभासदांना विचारावं की नाही, हे संघटनेच्या घटनेवर आणि सभासदांच्या आवाजावर सोडलं. ब्रिटिश कायद्यात निदान निधी काढण्यापूर्वी मतदान होतं. आपल्याकडे तेही नाही. मला वाटतं, गिरणगावाच्या सगळ्या गोष्टीत हीच एक गाठ आहे. जिथे कामगाराला खात्यात येऊन विचारत होते, तिथे त्याने तीस वर्षांनी का होईना, युनियनवाल्याला महापौर केलं. जिथे त्याला धरून चाललं गेलं, तिथे त्याने न सांगता दुसरीकडे मत दिलं.

मामा संघटनेच्या बैठकीत बोलला म्हणे. उत्तर मिळालं, "घाईत छापलं, चुकून आलं तुमचं नाव." मामा म्हणाला, चुकून आलं तर वहीत लिहा. आणि खरंच लिहिलं गेलं. सभासदाची सही घेतल्याशिवाय त्याचं नाव कुठल्याही उमेदवाराच्या पत्रकावर टाकायचं नाही. खाली सह्या. दोघांनी केल्या नाहीत, तेही वहीत आहे. वही मी पाहिली. शाळेची शंभर पानी, हमालीचे हिशोब पुढून आणि ठराव मागून.

निघताना न राहवून विचारलंच, "मामा, पण मत दिलंत कुणाला?"

पायतान घालत म्हणाला, "तू बी इचारू नको."